उजव्या खांद्यावरचा पदर

हर्षल त्या दिवशी घरातून निघाला तो फक्त शाई आणायला. बुऱ्हाणपुरात चित्रकाराची शाई मिळत नाही. मिळते ती लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे, आणि तीही त्यांची मर्जी असेल तर. पौष चालू होता, लग्नं बंद होती, छापखान्यात मालक माशा मारत बसला होता. त्याने काळ्या शाईचा अर्धा डबा हसतच पुढे केला आणि विचारलं, "काय मास्तर, फिर वही मॅडम का?" हर्षलने पैसे मोजून ठेवले. त्याचे कान मात्र लाल झाले.

त्या मॅडम म्हणजे मोनाली. कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची आणि राजघाटाच्या वाटेवर दोन खोल्या घेऊन एकटी राहायची. पाहायला आलेल्या मुलाला स्वतःच्या हाताने चहा द्यायचा आणि कप रिकामा व्हायच्या आत स्वतःच नकारही द्यायचा, अशी तिची ख्याती. तिच्या तोंडून आधी 'नाही' निघायचं, मग ती विचार करायची, आणि बहुतेक वेळा विचार करूनही 'नाही'च उरायचं. गावातल्या बायका तिला आगाऊ म्हणायच्या. हर्षल मनातल्या मनात काय म्हणायचा ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, पण छापखान्याच्या मालकालासुद्धा कळलं होतं म्हटल्यावर गुपित असं काही राहिलं नव्हतं.

हर्षल शाळेत चित्रकला शिकवायचा, आणि शाळा सुटली की लोधीपुऱ्यातल्या घराच्या वरच्या खोलीत लाकडावर चित्रं कोरून छापायचा. सागाची फळी घ्यायची, तिच्यावर चित्र काढायचं, पांढरं हवं तिथे पोखरायचं. उरलेल्या भागाला रुळाने शाई लावायची, वर कागद पसरायचा आणि पाठीमागून चमच्याने घासत बसायचं. यंत्र नव्हतं. चमचा आईचा, म्हणजे कमलबाईंचा, भात वाढायचा. तो स्वयंपाकघरात परत आला की त्या दर वेळी त्याचा वास घ्यायच्या आणि पुन्हा घासायला टाकायच्या.

मोनालीला त्याने साडी नेसून बसायला सांगितलं होतं. "नाही," ती म्हणाली होती. पुढच्या रविवारी साडी नेसून आली. "तू सांगितलं म्हणून नाही. मला वाटलं म्हणून." आणि खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत अशी बसली, की हर्षलला कागदावर आधी आराखडा काढायचंही सुचलं नाही. त्याने पेन्सिल उचलली आणि थेट फळीवर तिला उतरवायला घेतलं. खाली गल्लीत कापडाचे लूम खटखटत होते, थंडीतलं मऊ ऊन तिच्या गालावरून हळूहळू हनुवटीवर उतरत होतं, आणि हर्षलला वाटलं की ही दुपार अशीच राहिली तर आपलं काही मागणं नाही.

आता गंमत बघा. शाळेत पोरांकडून बटाट्याचे ठसे करून घेताना हाच माणूस घसा कोरडा होईपर्यंत सांगायचा, "अक्षर उलटं कोरा रे, छापल्यावर सुलटं येतं." आणि स्वतःच्या वेळेला त्याने जसं दिसलं तसंच कोरलं. नंतरचे कितीतरी दिवस पदराची एकेक चुणी कोरत बसला, तरी लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते शाई आणलेल्या त्या रविवारी, कागद उचलल्यावर. मोनाली आली होती, कमलबाईही गुडघे धरत जिना चढून वर आल्या होत्या. ओल्या शाईचा आणि रॉकेलचा वास खोलीत भरला होता. हर्षलने कागद दोन्ही टोकांनी धरून अलगद सोलला आणि उजेडाकडे केला.

"ही कोन?" कमलबाई म्हणाल्या.

कागदावरच्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता. चमकी उजव्या नाकपुडीत होती. भांग दुसऱ्याच बाजूला वळला होता. सगळं मोनालीचं, आणि तरी मोनाली नाही.

"अरे देवा," हर्षल कपाळाला हात लावून म्हणाला. कपाळ काळं झालं. "उलटीच कोरली मी."

"गुजरातणीसारखा पदर म्हनावं, तर तसाही नाही हा," कमलबाई कागदाकडे बघत राहिल्या. "पितरांचं पान करतानी जानवं असं उजवीकडं घेतात, हर्षल. अपसव्य. जित्या मानसाला असं नाही करू बेटा."

"नाही काकू," मोनाली म्हणाली. ती खुर्चीतून उठून कागदाच्या अगदी जवळ गेली होती. "तुम्हां दोघांना कळत नाहीये. ही एकदम मीच आहे. फोटोत मी मला कधी आवडत नाही, परकी वाटते. ही बघ, रोज सकाळी आरशात दिसते ती. सेम टू सेम."

आणि ती हसली. हर्षलला ते फार गोड वाटलं. ज्या चुकीने त्याचं चित्र बिघडलं होतं, त्याच चुकीमुळे ते तिला स्वतःसारखं वाटलं होतं.

"आता किती जणी निघणार माझ्या?" तिने विचारलं.

"तू म्हणशील तितक्या. पुरे झालं की या फळीच्या ठशावर तिरपी रेघ मारतात, घाव घालून. मग त्यातून पुन्हा कुणी छापू शकत नाही."

"एक बस झाली. रेघ मारून टाक."

"मारतो," तो म्हणाला, आणि मारली नाही.

तो तिला खाली स्कूटीपर्यंत सोडायला गेला तेव्हा तिने सांगितलं. भोपाळला नोकरी मिळाली होती. चांगली शाळा, राहायला जागा. गुरुवारचं तिकीट कन्फर्म होतं.

हर्षलने स्कूटीचं हँडल धरलं. "नको जाऊ."

"नाही, जाणार."

"मग लग्न कर माझ्याशी. मी पण येतो तिकडं. नाहीतर तू राहा इथं... काहीतरी कर ना यार."

ती आधी हसली, मग थांबली. तिच्या डोळ्यांत माया होती, हे त्याला दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. "नाही, हर्षल. तुला मी नको आहे. तुला मी बसलेली पाहिजे. खुर्चीत."

स्कूटी गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली. तो वर आला. दोरीवर चिमट्यांनी टांगलेला कागद वाऱ्याने किंचित हलत होता. खोलीत आता कुणी नव्हतं, तेव्हा लाजायचं कारण नव्हतं. तो त्या कागदावरच्या बाईला म्हणाला, "तू तरी थांब."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आला तेव्हा कमलबाई खुशीत होत्या.

"मोनाली येऊन गेली. कित्ती वेळ बसली रे! मी तिला दराबा दिला, एवढा वाटीभर खाल्ला."

"मोनालीने?" मोनालीला गोड आवडत नव्हतं. बुऱ्हाणपुरात राहून दराब्याला नाही म्हणणारी ती एकटीच, असं कमलबाईच म्हणायच्या.

"हो ना. मी म्हटलं अजून घे, तर घेतला. म्हटलं चाय पी, तर प्याली. जाताना मला आई म्हनली." कमलबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "पन एक गंमत. वाटी डाव्या हातानं धरून उजव्यानं खातात ना आपन? ती उलटं खात होती. पानी बी डाव्या हातानं प्याली. भोपाळची फॅशन असंल."

हर्षलने मोनालीला फोन लावला. ती वैतागलेली होती. "मी कुठे आले? सकाळपासून क्लासमध्ये आहे यार. काकूंना दुसरी कुणी तरी... सोड. ऐक ना, तुझ्याकडे आरसा असेल जास्तीचा? माझ्या आरशाचा पारा गेला वाटतं. चेहराच नीट दिसत नाही, धुरकट. आज टिकली कपाळाच्या कडेला लावून गेले, पोरी हसल्या."

त्याने आरसा देतो म्हटलं. आईच्या बोलण्याचं काय करावं हे त्याला समजेना, आणि खरं सांगायचं तर फारसा विचार करावा असं वाटलंही नाही. मोनाली येऊन गेली होती, एवढंच मनाने धरून ठेवलं.

बुधवारी संध्याकाळी तो राजघाटावर जाऊन बसला. तापीवर धुकं उतरायला लागलं होतं. पलीकडचा काठ पुसट होत होता, पाण्यातले दगड कुठे होते, कुठे नव्हते. कपडे धुणाऱ्या बायका बादल्या उचलून गेल्या, मग घाटावर नुसता पाण्याचा आवाज राहिला, तोही झोपेत ऐकू यावा तसा. कुणीतरी शेजारी येऊन बसलं. त्याने मान न वळवताच ओळखलं. तिला कधी नव्हे तो शाईचा वास येत होता, रॉकेलमिश्रित, पण हर्षलच्या स्वतःच्या हातांनाच तो कायम असायचा, त्यामुळे त्याला तो आपलाच वाटला.

"मोनाली... नको ना जाऊ," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

तो गर्रकन वळला. ती नदीकडे बघत होती. तीच साडी. मांडीवर हात तसेच, एकावर एक. "हो म्हणजे? राहशील?"

"हो."

"माझ्याशी... लग्न करशील?"

"हो."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून एकदम, विचार न करता, 'हो' निघालेलं त्याने पहिल्यांदा ऐकलं. त्याला हसावं की रडावं ते कळेना. धुक्यात तिचा चेहरा फार शांत दिसत होता, अगदी त्याला हवा होता तसा. अंधारून आलं म्हणून तो उठला, तिला हात द्यायला वाकला, आणि तिने डावा हात पुढे केला. तो थंड होता, आणि दाबून गुळगुळीत झालेल्या कागदासारखा लागला. पदर तिच्या उजव्या खांद्यावर होता. हर्षलने ते पाहिलं. पाहिलं आणि नजर वळवली. मिळालेल्या सुखात खोट काढायला माणसाचं मन इतक्या लवकर तयार होत नाही.

वाटेत ती धुक्यात मागे राहिली; त्याने एकट्यानेच घरी येऊन वरच्या खोलीतला दिवा लावला. दोरीवरच्या कागदावर खिडकी होती, खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवरची नक्षी होती. खुर्चीत कुणी नव्हतं.

गुरुवारी त्याने शाळेला दांडी मारली. दुपारी कमलबाई गल्लीतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या, आणि त्या गेल्यावर घाटावरची ती घरात आली. कडी वाजली नाही, जिन्यावर पाऊल वाजलं नाही. हर्षल पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला तर ती ओट्यापाशी उभी राहून डाव्या हाताने चहा ढवळत होती. त्याच वेळी गल्लीतली लाइट गेली. लूम एकेक करून थांबले. दुपार एवढी शांत झाली की चहाला उकळी फुटल्याचा आवाज मोठा वाटला.

खिशातला फोन वाजला. मोनालीचं नाव.

"कुठे आहेस? स्टेशनवर येणार होतास ना? गाडी लागली इकडे."

हर्षलने समोर पाहिलं. समोरची मोनाली कपात चहा ओतत होती. "मला... जरा..."

"नाही आलास तरी चालेल," फोनमधली मोनाली म्हणाली, आणि आवाजावरून तिला वाईट वाटलं होतं हे कळत होतं. "रडशील तू. मी पण रडेन. चल, ठेवते."

तो खाली बसला. ती समोर येऊन बसली, कप त्याच्याकडे सरकवला. तो चहा प्यायला. चव कशाचीच नव्हती.

"तुला बरं वाटतं का इथे?"

"हो."

"कंटाळा येतो?"

"हो."

तो थबकला. तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नव्हतं. "इथे राहायचंय ना तुला?"

"हो."

"की... परत जायचंय?"

"हो."

"मोनाली, तुला काय पाहिजे? तुला. स्वतःला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मान तिरपी केली, तशी तिनेही केली. त्याच्या भुवया आक्रसल्या, तशा तिच्याही. मग, त्याला बरं वाटावं म्हणून असेल, ती म्हणाली, "हो."

हर्षलने कप बाजूला सरकवला. आरशातली माणसं दुसरं काय करणार? जन्मभर त्यांनी तेवढंच केलेलं असतं. आणि त्याला त्या क्षणी खऱ्या मोनालीची, तिच्या त्या फटकन येणाऱ्या 'नाही'ची फार आठवण आली. हे जे समोर बसलं होतं, ते त्याने मागितलेलं सगळं होतं. त्यात ती कुठेच नव्हती.

अर्ध्या तासाने फोन पुन्हा वाजला.

"हर्षल..." आवाज बारीक होता. मागे डब्यातली गडबड. "गाडी चांदनी स्टेशनच्या सिग्नलला थांबलीये. तू हसू नको हं. इथे बेसिनवर आरसा आहे... चांगला आहे, नवीन आहे. माझ्या मागे एक बाई उभी आहे, ती दिसते. तिचं बाळ दिसतं. मी... मी दिसत नाहीये."

"मोनाली—"

"मी हात लावला काचेला. हात नाही दिसत. घरचा आरसा खराब नव्हता, हर्षल... मीच कमी होत होते. मला फार भीती वाटतेय. लोक बघतायत. मी वेडी झाली का रे?"

मोनाली घाबरली होती. कुणालाही न घाबरणारी मोनाली. आणि ते त्याने केलं होतं, एका 'थांब'साठी.

"फोन ठेवू नको," तो म्हणाला. "आरशासमोरच थांब. मी सांगेपर्यंत हलू नको."

तो जिना चढून वर गेला. फळी भिंतीला टेकून उभी होती, शाई वाळून चकचकीत झालेली. तिच्यावर मात्र मोनाली होती, सुलटी, डाव्या खांद्यावर पदर घेतलेली, त्याने समोर बसवून कोरलेली. त्याने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, फळी आडवी केली, रुंद पटाशी उचलली. मागे वळून पाहिलं तर ती दारात उभी होती, हात एकावर एक ठेवून.

"मी रेघ मारणार आहे," तो तिला म्हणाला. "तू जाशील मग. चालेल तुला?"

"हो."

तिला रागही आला नाही. तिने अडवलं असतं, ओरडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. त्याने पटाशीची धार ठशाच्या कपाळाच्या कडेला टेकवली. फोनमधून श्वास ऐकू येत होता. दारातला चेहरा फार सुंदर होता, आणि हर्षल काही साधू नव्हता. शेवटच्या क्षणी त्याला राहवलं नाही. फोनला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात, ओठांतल्या ओठांत त्याने विचारलं, "पुन्हा... येशील?"

आणि उत्तराची वाट न बघता पटाशी खाली ओढली. साग करकरला. कपाळापासून खांद्यापर्यंत पांढरी रेघ उमटली. गल्लीत लाइट आली, सगळे लूम एकदम सुरू झाले आणि घर हादरायला लागलं. दारात कुणी नव्हतं. दोरीवरच्या कागदावर ती खुर्चीत बसलेली होती, रविवारी होती तशीच.

"हर्षल!" फोनमधून मोनाली जवळजवळ ओरडली. "दिसले! दिसले रे मी! हे बघ, केस, नाक, सगळं... देवा." ती हसत होती आणि रडत होती. "काय केलंस तू? नाही, नको सांगू. गाडी निघाली."

हर्षल जमिनीवरच बसला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने शाईच्या हातांनी पुसलं. गेली ती गेली. जाऊ दे. आपल्या चेहऱ्यासकट गेली, आणि ते त्याच्या हातून घडलं, याचं त्याला खरंच बरं वाटत होतं. "सांभाळून जा," तो म्हणाला. "पोचलीस की फोन कर."

पलीकडून नुसता रुळांचा खडखडाट येत राहिला.

"मोनाली?"

"अरे... एक मिनिट." तिचा आवाज पुन्हा बारीक झाला होता. "मी उभी आहे. नुसती. काही करत नाहीये."

"मग?"

"ही मान हलवतेय."

"गाडी हलतेय, म्हणून—"

"नाही. तशी नाही. वर-खाली. हळू..." ती कुजबुजायला लागली. "मी 'नाही' म्हणून मान हलवून बघितली आत्ता. ती ऐकत नाहीये. ती 'हो'च म्हणतेय... माझ्याकडे बघून नाही, माझ्या पलीकडे कुणाकडे तरी बघून."

हर्षलच्या हातातली पटाशी खाली पडली.

"हर्षल," मोनालीने विचारलं, "तू तिला काही विचारलंयस का?"